दोन कुलपांचं कपाट

सुलोचना थूल यांच्याबद्दल आमच्या कारखान्यात जे वाईट बोललं गेलं, त्यातलं निम्मं मी पसरवलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना अडखळायला नको.

आमचा कारखाना वर्ध्याच्या औद्योगिक वसाहतीत होता. शेतकरी पाठीवर घेऊन कपाशीवर फवारणी करतात, ते पंप आम्ही बनवत असू. मालक अण्णाजी. एकाहत्तर साली त्यांनी सहा माणसांवर कारखाना सुरू केला आणि ब्याऐंशीपर्यंत आम्ही सत्तर जण झालो होतो. मी हरिदास, राहणारा सेलूचा. विक्री खात्यात फिरतीवर होतो. सेलूपासून पार यवतमाळपर्यंतची दुकानं माझ्याकडे. खात्याचे प्रमुख मधुकरराव. बोलायला गोड, कपडे कडक इस्त्रीचे. पंप जिथे बनत, त्या वर्कशॉपचे प्रमुख रूपराव. ते कमी बोलत आणि बोलले की समोरच्याचा चेहरा उतरे.

आवाराच्या एका बाजूला वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला विक्रीची कचेरी. मधे फार तर पंचवीस पावलं. तेवढं चालून पलीकडे जायचा प्रसंग आला की माणूस आधी कारण शोधून ठेवी. आम्ही त्यांना ग्रीसवाले म्हणायचो, ते आम्हाला बूटवाले. विक्रीवाले गिऱ्हाइकाला वाटेल ते कबूल करून येतात, अशी रूपरावांची पक्की समजूत होती. वर्कशॉपवाले दोष रंगाखाली झाकून माल बाहेर काढतात, अशी आमची. चहासुद्धा दोन टपऱ्यांवर होता.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत अण्णाजींनी सगळ्यांना आवारात जमवलं. म्हणाले, "पितळी पंपाचे दिवस सरले. जड पडते, महाग पडते. आता निळा प्लास्टिकचा पंप काढायचा. तीन वर्षांत तीन जिल्ह्यांत आपलाच पंप दिसला पाहिजे. पण वर्कशॉप अन् विक्री एका तोंडानं बोलले तरच हे होईन. नाई तर बाहेरच्या कंपन्या आपल्याले उभं राहू देत नाई."

आठ दिवसांनी फलकावर कागद लागला. सुलोचना थूल यांची समन्वय लिपिक म्हणून नेमणूक. सकाळी बसायचं वर्कशॉपमध्ये, दुपारी विक्रीत. दोन्हीकडच्या गोष्टी दोन्हीकडे पोचवायच्या.

गेटवरच्या चौकीदाराने विचारलं, "समन्वय म्हंजे का असते जी?"

मधुकरराव हसले. "कान असते. अण्णाजीचा कान."

तो शब्द दुपारपर्यंत वर्कशॉपात पोचला. इतकी वर्षं आमच्याकडची एकही गोष्ट तिकडे नीट पोचली नव्हती. ही मात्र पोचली.

सुलोचनाबाईंना आम्ही दहा वर्षं पाहत होतो, पण ओळखत होतो असं म्हणता येणार नाही. त्या वर्ध्याजवळच्या आंजी गावच्या. मोठ्या आंजीच्या. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. वडील मजुरी करत, पण पोरीची शाळा त्यांनी एक दिवस चुकू दिली नाही. वर्ध्याला मॅट्रिक करून त्या त्र्याहत्तर साली आमच्याकडे पॅकिंगला लागल्या. लग्न होऊन पिपरी मेघेला आल्या, नवरा प्रेमदास एस.टी.त कंडक्टर. संध्याकाळी टायपिंग शिकल्या आणि पॅकिंगमधून टपालाच्या टेबलावर आल्या. गिऱ्हाइकांची पत्रं उघडायची, नोंद करायची, ज्याची त्याला द्यायची. बूटवाले नाहीत आणि ग्रीसवालेही नाहीत, अशा कारखान्यात त्या एकट्याच होत्या. अण्णाजींनी त्यांना का निवडलं, ते आता कळतं. तेव्हा आम्हाला त्यात डावच दिसला. काही माणसं त्यांच्या आडनावावरूनही बोलत. तोंडावर नाही, पाठीमागे. मी त्यात भर घातली नाही, पण थांबवलंही नाही.

त्यांची एक सवय फार झोंबायची. कोणी काही सांगितलं की त्या शांतपणे विचारत, "कोणं पाह्यलं?"

"सेलूत पंपाची लई मागणी आहे," मी म्हणायचो.

"कोणं पाह्यलं, हरिदासभाऊ?"

"मी सांगून राह्यलो ना!"

"हो जी. पण पाह्यलं कोणं?"

आणि मग त्या लांबट वहीत काहीतरी लिहीत. काय लिहीत, ते कोणालाच माहीत नव्हतं. वही टेबलाच्या खणात असे. वर्कशॉपमध्ये त्या शिरल्या की लेथवरची माणसं गप्प होत. रूपरावांनी तसं सांगूनच ठेवलं होतं. आमच्याकडे आल्या की मधुकरराव हातातला कागद उलटा ठेवत. सहा महिने त्यांनी असेच काढले. एकीकडे शांतता आणि दुसरीकडे उलटे कागद. वर दोन्हीकडून गोड हसू.

जूनमध्ये निळा पंप बाजारात आला. हलका, दिसायला देखणा. शेतकऱ्यांनी उचललाही. जुलै सरता सरता मला पहिली तक्रार ऐकू आली. पंधरा दिवस पंप चांगला चालतो, मग दांडा जड होतो, आणि एक दिवस वर-खाली व्हायचाच थांबतो. ऑगस्टमध्ये दुकानदार पंप परत पाठवायच्या गोष्टी करू लागले. मधुकररावांनी मला बाजूला घेतलं. "पंप परत येऊ देऊ नका. दुकानदारांना म्हणा, हंगाम संपू द्या, मग पाहू. आत्ता आकडा अण्णाजींसमोर गेला तर रूपराव म्हणतील, विक्रीनंच माल बदनाम केला."

मी तसंच केलं. यवतमाळच्या एका मोठ्या दुकानदाराला समजावताना म्हणून गेलो, "तुमचेच नाही हो, माझ्याकडच्या भागात बेचाळीस अडकलेत. सगळ्यांचं मिळून पाहणार आहोत." त्याला धीर यावा एवढाच हेतू होता.

पण पत्रं यायची थांबली नाहीत. शेतकरी सरळ कारखान्याला लिहीत होते आणि पत्रं सुलोचनाबाईच उघडत होत्या. त्यांनी रूपरावांना विचारलं. रूपराव म्हणाले, "एक एक पंप दाब देऊन तपासतो मी. माह्या हातून बंद पंप बाहेर जात नाई. तुमचे विक्रीवाले दुकानात काय करतात ते विचारा." त्यांनी मधुकररावांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, वर्कशॉपमध्ये सामान हलकं लावायला लागलेत. तुमीच सकाळी तिथं बसता. तुमाले दिसत नाई का?"

दोघांनीही त्यांना खरं सांगितलं नाही, आणि आपण खोटं बोलतोय असं दोघांनाही वाटत नव्हतं.

पोळा झाल्यावर एक वेगळीच बातमी आली. मुंबईच्या एका पंप कंपनीचा माणूस दुकानादुकानांतून सांगत फिरत होता की वर्ध्याचा निळा पंप फसला, एकट्या यवतमाळकडेच बेचाळीस अडकलेत. आकडा अगदी नेमका. अण्णाजी संतापले. आकडा बाहेर गेला कसा?

संशय कोणावर जाणार, हे ठरलेलंच होतं. दोन्हीकडे बसणारी, सगळं लिहून ठेवणारी एकच व्यक्ती होती. रूपराव आणि मधुकरराव यांचं बारा वर्षांत पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं. दोघे मिळून अण्णाजींकडे गेले आणि या बाईला टपालावर परत पाठवा म्हणून सांगून आले. अण्णाजी म्हणाले, पाहतो. त्या वर्षीच्या बढतीच्या यादीतून सुलोचनाबाईंचं नाव मात्र गेलं.

आणि मी? बेचाळीस हा आकडा माझाच होता. पण माणूस स्वतःवर संशय घ्यायच्या आधी सगळं गाव फिरून येतो. मीही ठरवून टाकलं की बाईंनीच फोडलं असणार, आणि भेटेल त्याला तसं सांगत सुटलो. मधुकरराव म्हणाले, "त्या वहीत काय आहे ते एकदा पहा." मला तेवढंच पाहिजे होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन बाहेर गेल्या, तेव्हा मी खण उघडला. कुलूप नव्हतं. वहीत माणसांबद्दल काही असेल, कोण केव्हा आला, कोण कोणाशी बोलला, असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. रेघा मारून रकाने पाडलेले. गाव, पंपाचा नंबर, किती दिवसांनी बिघडला, काय बिघडलं, आणि शेवटचा रकाना: कोणी पाहिलं. त्यात जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच उत्तर होतं. कोणी नाही. कोणी नाही. कोणी नाही.

एका पानावर माझं नाव दिसलं. "हरिदासभाऊ सांगतात, सेलूत एकही तक्रार नाही. सेलूहून आलेली पत्रं: चार." खाली चारही गावांची नावं. माझं खोटं तिथे दीड महिना पडून होतं आणि त्यांनी ते कोणापुढे मांडलं नव्हतं.

"वाचून झालं का, भाऊ?"

त्या दारात उभ्या होत्या. डबा तसाच हातात. मी वही मिटली, परत उघडली, परत मिटली.

"बाई, तुमी हे अण्णाजीले काऊन नाई दाखवलं?"

"काय दाखवू? तुमी खोटं बोलले, हे? त्यानं पंप सुरू होते का?" त्या आत आल्या, वही माझ्या हातातून घेतली. "पंप काऊन अडकते, ते मले अजून माहीत नाई. तुमाले माहीत आहे?"

"नाई."

"रूपरावभाऊले?"

"ते कुठं वावरात जातात!"

"मंग उद्या आंजीले चाला. तानबाचा पंप अडकला आहे. तुमी या, अन् रूपरावभाऊले मी आणतो." आमच्याकडच्या कितीतरी बायांसारखं त्याही 'आणतो' म्हणत.

रूपरावांना आणणं सोपं नव्हतं. हा विक्रीचा सापळा आहे, शेतकरी पढवून ठेवला असेल, असं ते सरळ म्हणाले. शेवटी अण्णाजींनी हुकूम दिला तेव्हा गाडीत बसले. मी पुढे, ते मागे, आणि बाई मधल्या बाकावर मांडीवर वही घेऊन.

तानबाचं वावर गावाबाहेर होतं. कपाशीची कमरेएवढी पऱ्हाटी उभी, बोंडं धरलेली. आम्हाला पाहून तानबा आधी धुऱ्याच्या बांधावरच थांबला. गाडीतून तीन माणसं उतरलेली पाहून त्याच्याही मनात पाल चुकचुकली असणार. सुलोचनाबाईंना तो ओळखत होता, तरी म्हणाला, "पंप घेऊन जायले आले असान तर नाई देणार. लिहून पाठवलं म्हून माह्यावर केस करता का?"

"काही नाई, तानबाभाऊ," बाई म्हणाल्या. "फक्त उघडून पाहायचा आहे. तुमच्यासमोर."

रूपराव खाली बसले. पिशवीतून पाना काढून त्यांनी स्वतः पंप खोलला. नळीतून दांडा ओढून काढला. त्याच्या टोकाला दाब देणारं रबरी वॉशर असतं. ते फुगून, मऊ होऊन नळीच्या भिंतीला चिकटलं होतं. बोट लावलं तर काळं निघत होतं.

रूपरावांनी ते बोटांत दाबून पाहिलं. मग उठून माझ्याकडे वळले. "हे माह्या कारखान्यातलं वॉशर नाई. दुकानदारांनी बदलवलं. तुमच्या लोकांनी."

"आमच्या लोकांनी? आमाले काय धंदे नाई का दुसरे?" मीही चढलो. दहा वर्षांचं साचलेलं आम्ही त्या वावरात काढलं. तानबा आळीपाळीने आमच्या तोंडाकडे पाहत होता.

बाई मधे पडल्या नाहीत. त्यांनी तानबाला विचारलं, "कोणतं औषध मारता तुमी?"

"हे नवं, तेलकट. पाण्यात टाकलं की दुधावानी होते. दोन वर्षांपासून सारे हेच मारून राह्यले. बोंडअळीले जुनं चालत नाई आता."

रूपरावांनी मान वर केली. "नवं? कोणतं नवं?"

मला आश्चर्य वाटलं. त्या औषधाची जाहिरात प्रत्येक दुकानात लागली होती. आम्हा फिरतीवाल्यांना ते पाठ होतं. पण वर्कशॉपला सांगावं, असं आमच्यातल्या एकालाही कधी वाटलं नव्हतं. औषधाचा आणि पंपाचा संबंध काय?

बाईंनी तानबाकडून बाटलीभर औषध मागून घेतलं. परतीच्या वाटेवर रूपरावांना म्हणाल्या, "भाऊ, तुमी म्हणता वॉशर तुमचं नाई. मंग तुमच्या कोठीतली दोन नवी वॉशरं द्या, तुमच्या हातानं खूण करून. एक पाण्यात ठेवू, एक या औषधात."

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या लोखंडी कपाटात दोन काचेचे पेले ठेवले गेले. झाकण लावून, कागद चिकटवून. आता कपाटाची किल्ली कोणाकडे? मधुकरराव म्हणाले, वर्कशॉपकडे किल्ली राहिली तर हे लोक वॉशर बदलतील. रूपराव म्हणाले, विक्रीकडे राहिली तर ते औषधात ॲसिड टाकतील. दोघेही गंमत करत नव्हते. शेवटी सुलोचनाबाईंनी कडीत दोन कुलपं लावायला सांगितली. एक रूपरावांचं, एक मधुकररावांचं. स्वतःकडे त्यांनी किल्ली घेतलीच नाही. का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "माह्यावर तर दोघायचाही भरवसा नाई."

ते तीन दिवस कारखान्यात विचित्र गेले. जो तो कपाटाजवळून मुद्दाम जाई, कुलपं ओढून पाही. लेथवरची माणसं आमच्याकडचं कोणी फिरकलं तर मान वळवून पाहत राहत. मधुकरराव दिवसातून दोनदा वर्कशॉपमध्ये चक्कर मारू लागले. गंमत म्हणजे, पंप कसा बनतो ते त्यांनी त्या तीन दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णाजींसमोर दोन्ही कुलपं उघडली. पाण्यातलं वॉशर होतं तसं होतं. औषधातलं दीडपट झालं होतं. रूपरावांनी ते चिमट्याने उचललं. त्यांनी मारलेली खूण फुगून वाकडी झाली होती, पण होती.

मग रूपराव हळूच म्हणाले, "पितळी पंपात चामड्याचं वॉशर होतं. निळ्या पंपाच्या नळीत ते बसेना, म्हून जानेवारीत मी रबरी लावलं. पाण्यावर तपासलं. पाण्यावर काही होत नोतं."

"रबरी लावलं हे आमाले कोणं सांगितलं?" मधुकरराव म्हणाले.

"अन् औषध बदललं हे आमाले?"

दोघांचेही आवाज चढले होते. पण माझ्या आठवणीत ते दोघे एकमेकांकडे पाहून बोलल्याची ती पहिली वेळ. अण्णाजींनी हात वर केला. एकाची चूक काढली तर दुसरा सुटतो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते एवढंच म्हणाले, "अडकलेले पंप किती? आता खरा आकडा सांगा."

मधुकरराव माझ्याकडे पाहू लागले. मी दुकानागणिक आकडे सांगितले. माझ्याकडचे बेचाळीस त्यात होतेच. आकडा तोंडातून निघाला तेव्हा यवतमाळच्या दुकानदाराचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. ज्याला मी धीर द्यायला गेलो होतो, तोच मुंबईच्या कंपनीचाही माल विकत होता.

मी तेव्हा गप्प राहिलो. हेच मला सांगायचं होतं, आणि हेच सांगायला जड जातं.

पुढची कामं भराभर झाली. नागपूरहून तेल सोसणारं रबर मिळालं. वॉशर बदलायला वर्कशॉपची माणसं आमच्याबरोबर गावोगाव गेली. दुकानासमोर बसून त्यांनी पंप खोलले, शेतकऱ्यांच्या शिव्या स्वतःच्या कानांनी ऐकल्या. सुलोचनाबाईंच्या सांगण्यावरून अण्णाजींनी नियम केला. दर महिन्याला वर्कशॉपचा एक माणूस फिरतीवर जाणार आणि विक्रीचा एक माणूस दोन दिवस तपासणीच्या टेबलावर बसणार. सुटा भाग बदलला, तर दोन्ही खात्यांच्या सह्या झाल्याशिवाय तो लागणार नाही. पहिल्या पाळीला रूपराव कुरकुरले, मधुकरराव आजारी पडले. दुसऱ्या पाळीला दोघे गेले. चौऱ्याऐंशीच्या हंगामात पंप परत आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. वर्धा आणि यवतमाळ आम्ही धरून ठेवलं. अमरावती काही जमलं नाही. तीन वर्षांत तीन जिल्हे म्हणून निघालो होतो, दोनच मिळाले. पण अण्णाजी समाधानी होते.

आकडा फोडल्याचा डाग मात्र सुलोचनाबाईंवर राहिला. पंप दुरुस्त झाले, बोलणी दुरुस्त झाली नाहीत. काम चांगलं करते, पण जरा जपून बोला तिच्यासमोर, असं नव्या माणसालाही सांगितलं जाई. मी ते ऐकत असे. जवळजवळ तीन वर्षं ऐकलं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात बढतीच्या यादीची बैठक होती. त्यांचं नाव निघालं आणि कोणीतरी पुन्हा तेच पुटपुटलं. त्या बैठकीत मीही होतो. कसं कोण जाणे, मी उभा राहिलो. "आकडा मी सांगितलता. यवतमाळच्या दुकानात. बाईचा संबंध नाई." मधुकररावांनी मला शर्ट धरून खाली बसवायचा प्रयत्न केला. माझ्याकडचा यवतमाळचा भाग त्याच आठवड्यात गेला, आणि तो जायलाच पाहिजे होता.

संध्याकाळी मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. माफी कशी मागावी, ते मला येत नव्हतं.

"तुमाले माहीत होतं का, बाई?"

त्यांनी टाईपरायटरवरचे हात थांबवले. "माहीत नोतं. संशय होता."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"मी तरी कुठं पाह्यलं होतं?" त्या म्हणाल्या, आणि टाईपरायटरमधला कागद सरळ करत पुढे बोलल्या. "तीन वर्षं मले पोरीच्या शाळेत जायची लाज वाटे, हरिदासभाऊ. तिच्या वर्गात रूपरावभाऊची नात होती. ते तुमी लक्षात ठेवजा."

एवढं बोलून त्या कामाला लागल्या. त्यानंतर तीनेक महिने त्यांनी माझ्याशी कामाव्यतिरिक्त एक शब्द काढला नाही. मला ते योग्यच वाटलं. बढती त्यांना मिळाली. सत्त्याऐंशीत तपासणीचं खातं वेगळं झालं आणि त्या त्याच्या प्रमुख झाल्या. रूपराव निवृत्त झाले तेव्हा वर्कशॉपच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी नव्या प्रमुखाला दिला, पण सुट्या भागांच्या कोठीची किल्ली वेगळी काढून सुलोचनाबाईंच्या हातात ठेवली.

माझी तपासणीच्या टेबलावरची पाळी सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात आली. बाईंनी मला शेजारचं स्टूल दाखवलं, हातात पाना दिला आणि पन्नास पंप खोलायला सांगितले. प्रत्येक पंप मी खोलायचा, त्यांनी पाहायचा. अठ्ठेचाळिसाव्या पंपात वॉशर उलटं बसवलेलं निघालं. मी सांगायच्या आधीच त्यांनी मान हलवली, आणि मी वहीत पंपाचा नंबर लिहून घेतला; 'कोणी पाहिलं' या रकान्यात आम्हा दोघांची नावं.